खिळ्यावरची टेप

पडदेताईंचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कुणी वापरलं नसतं. टपाल घेऊन येणारा माणूससुद्धा पाकिटावरचं नाव न वाचता "पडदेताई, टपाल" एवढंच ओरडायचा. त्यांच्या नवऱ्याला लोक "पडदेताईंचे मिस्टर" म्हणत. पाण्याच्या पंपघरावर इमानेइतबारे नोकरी करणाऱ्या त्या भल्या गृहस्थांनी ही पदवी बिनतक्रार स्वीकारली होती, आणि फोनवरही कधीकधी तेच बोलून जात.

पडदे शिवण्याचा स्वतःचा धंदा सुरू करण्याआधी ताई एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिवणकामाला होत्या. तिथे एक देखरेख करणाऱ्या बाई होत्या. शिवून झालेला प्रत्येक पडदा त्या स्वतःच्या टेपनं पुन्हा मोजायच्या आणि अर्धा इंच इकडेतिकडे झाला की सगळ्यांदेखत उलगडून दाखवायच्या. ताईंचं शिवण सुबक, पण स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. एक दिवस त्यांनी शांतपणे मशीनवर झाकण घातलं, घरी आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आजपासून माझं माप कुणी तपासायचं नाही." नवऱ्यानं माळ्यावरचा जुना दरवाजा काढला, दोन पेट्यांवर आडवा टाकला, आणि पुढच्या खोलीत कापायचं टेबल तयार झालं. जेवणाचं टेबल तेव्हापासून मागे गेलं ते गेलंच.

स्वतःचा धंदा म्हणजे स्वतःचा वेळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी ताईंचं पहिलं वर्ष पाहायला हवं होतं. नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. पडद्यांबरोबर त्यांनी उशांचे अभ्रे शिवले, सायकलच्या सीटची कव्हरं शिवली, एका वयस्कर गृहस्थांच्या कुत्र्याला थंडीचा कोट शिवला. त्या कुत्र्यानं माप देताना त्यांची चप्पल खाल्ली. एकदा तर एका गिर्यारोहकाचा फाटका तंबू घेतला. तो खोलीत उलगडल्यावर दारच उघडेना, आणि कामावरून आलेल्या मिस्टरांना खिडकीतून आत यावं लागलं. शेजारच्या आजोबांनी चोर समजून काठी उचलली होती, थोडक्यात निभावलं.

हळूहळू ताई शहाण्या होत गेल्या. "काही घाई नाही हो" म्हणणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात उभं राहतं, हे त्यांना कळलं. "होईल" म्हणण्याऐवजी "बघते" म्हणायला त्या शिकल्या. जेवताना दार लोटून घ्यायचं, आणि कुणी कितीही वाजवलं तरी घास खाली ठेवायचा नाही, हे शिकायला मात्र फार वर्षं गेली. सगळ्यांत कठीण होतं ते मालकिणीशी जुळवून घेणं. ही नवी मालकीण, म्हणजे त्या स्वतःच, इतकी खाष्ट निघाली की तिच्याकडे ताप आला म्हणून रजा मागायचीही सोय नव्हती. दुकानातल्या बाई परवडल्या, असं त्या कधीतरी म्हणायच्या, पण हसत.

या सगळ्या वर्षांत एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे त्यांची टेप. दुकान सोडताना गळ्यात होती ती, कापडी, पिवळसर पडलेली, टोकाला पितळेची पट्टी. रोज काम संपलं की ताई ती मशीनच्या वरच्या खिळ्याला लटकवायच्या, आणि तिला वळ्या पडू नयेत म्हणून खालच्या टोकाला कापायची मोठी कात्री अडकवायच्या. कात्री चांगली वजनदार, लोखंडी. सकाळी टेप कशी इस्त्री केल्यासारखी सरळ मिळायची. ही युक्ती त्यांची स्वतःची होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

अलीकडे मात्र ताईंचं जगाबद्दल वाईट मत होऊ लागलं होतं. कापडवाला कापड कमी देतो, अशी त्यांची खात्री झाली होती. हिशोब करून आणलेलं कापड शेवटच्या पडद्याला हमखास अपुरं पडायचं. त्यांनी कापडवाल्याला तोंडावर सुनावलं की मीटरमागे तुम्ही चोरता, आणि त्याच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं. नवा कापडवालाही तसलाच निघाला. पडद्याचे दांडे कापून देणाऱ्याकडून दांडे आखूड यायचे, त्याच्याशीही वाजलं. "माणसांत सचोटी म्हणून राहिली नाही," त्या मिस्टरांना म्हणायच्या. मिस्टर मान डोलवायचे. पंपघरात यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे मान डोलवण्याची कला त्यांना उत्तम साधली होती.

मग ताईंचा उजवा खांदा धरला. मशीन चालायची, कात्री चालायची, पण हात डोक्याच्या वर जाईना. आणि पडद्याचं काम सुरू होतं तेच खिडकीच्या वरच्या कडेपासून. शिडीवर चढून टेप वर धरणार कोण? दोन कामं परत गेली. तेव्हा मिस्टर, जे सहसा मधे बोलत नसत, ते बोलले. म्हणाले, माझ्या ताईला घे ना बरोबर.

मिस्टरांची ही थोरली बहीण, म्हणजे ताईंची नणंद. ताई तिला वन्सं म्हणत, आणि आपणही तेच म्हणू. वन्संनी लग्न केलं नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं बुटांच्या एका दुकानात गेली होती. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून माप घ्यायचं, आणि माणसं आपल्या पायाबद्दल किती खोटं बोलतात ते गुपचूप ऐकायचं, हे त्यांचं काम. मालक गेला, मुलानं दुकान विकलं, आणि वन्सं दोन गल्ल्या पलीकडच्या आपल्या खोलीत रिकाम्या बसल्या. एकदा भावाकडे चहाचे कप पुसता पुसता त्या सहज म्हणाल्या होत्या, "आता मी कुणाच्या उपयोगाची रे?" भावाला ते लागलं होतं. कुठल्याशा गावच्या मुलींच्या वसतिगृहात देखरेखीची जागा त्यांना सांगून आली होती, पण उतारवयात अनोळखी गावी जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

पहिल्या दिवशी वन्सं वेळेच्या आधी आल्या. डबा घरून आणलेला, चष्म्याला दोरी लावलेली, आणि हातात नवी कोरी टेप, खास या कामासाठी घेतलेली. शिडीवर त्या अशा चढल्या की जणू जन्मभर हेच करत आल्यात. वरून माप सांगायच्या, ताई खाली खडूनं पुठ्ठ्यावर लिहायच्या. फक्त प्रत्येक आकड्यानंतर ताईंच्या तोंडून आपोआप निघायचं, "नक्की?" वन्सं पुन्हा मोजायच्या, पुन्हा तोच आकडा सांगायच्या. लहान लहान कामं झाली, ती शिडीवर वन्संनी टेप धरून, पण ताईंच्याच टेपनं. सगळं मापात बसलं. दुपारी दोघी डबे उघडून जेवायला लागल्या. वन्सं बुटांच्या दुकानातले किस्से सांगायच्या, आणि ताई इतक्या हसायच्या की खांदा दुखायचा. एकटीनं काम करताना आपण किती वर्षं हसलोच नव्हतो, हे ताईंच्या तेव्हा लक्षात आलं. त्या हे वन्संना बोलून मात्र दाखवत नव्हत्या.

आणि मग वाचनालयाचं काम आलं. खालचा मोठा वाचनकक्ष, छताला टेकतील अशा उंच खिडक्या, जमिनीपासून बोटभर वर थांबतील असे पडदे हवे होते. ग्रंथपालबाईंनी बजावून सांगितलं होतं की खुर्च्या सारखी मागेपुढे होतात, कापड पायाखाली यायला नको. ठरल्या दिवशी ताईंना कणकण होती. वन्सं म्हणाल्या, मी एकटी जाऊन मापं घेऊन येते. ताईंनी हो म्हटलं, वन्सं आपली नवी टेप घेऊन निघाल्या, पण दुपारभर ताई अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या. आपल्याशिवाय घेतलेलं हे पहिलं माप होतं.

पडदे शिवून झाले, टांगले, आणि ताईंनी मागे सरून पाहिलं. प्रत्येक पडदा जमिनीवर लोळत होता. फार नाही, बोटभर असेल. पण एका वाचकानं खुर्ची मागे ओढली आणि तिचा पाय कापडावर बसला, तेव्हा वर दांडा करकरला. ग्रंथपालबाईंनी भुवया उंचावल्या.

"मापं यांनी घेतली होती," ताई म्हणाल्या.

हे त्या एवढ्या चटकन म्हणाल्या की वाक्य तोंडात आधीपासून तयार असावं. वन्सं म्हणाल्या, मी दोनदा मोजलं होतं. ताईंनी खांद्याची पर्वा न करता शिडी ओढली, दोन पायऱ्या चढून दात-ओठ खात गळ्यातली टेप खिडकीला लावली, मधे खडूची खूण करून खालपर्यंत आणली आणि आकडा वाचला. वन्संनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा तो दीड इंच कमी होता. दुसरी खिडकी मोजली, तिथेही तेच. चारचौघांत, वाचणाऱ्या माणसांनी माना वर केलेल्या असताना, ताई म्हणाल्या, "बघा. म्हणून मी सारखी विचारते, नक्की का."

वन्संनी पडदे उतरवायला मदत केली, ते नीट घडी करून घरी आणले, कापायच्या टेबलावर ठेवले, आपली टेप त्यांच्यावर ठेवली आणि डबा उचलून निघून गेल्या. दोन दिवसांनी मिस्टरांनी जेवताना सांगितलं की माझ्या ताईनं वसतिगृहाची जागा घेतली, सोमवारची गाडी आहे, ट्रंक माळ्यावरून काढून द्यायला मला बोलावलं होतं. एवढं सांगून त्यांनी मान खाली घातली. त्या दिवशी त्यांनी मान डोलवली नाही.

ताईंनी सगळे पडदे खालून उसवले आणि पुन्हा दुमडले. टाक्यागणिक त्या मनाशी बोलत होत्या. माझं काय चुकलं? माप चुकलं तर चुकलं म्हणायचं नाही का? दुकानातल्या त्या बाईंनी तर मला सगळ्यांसमोर उलगडून दाखवलं असतं. इथे त्यांचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. सगळ्यांसमोर उलगडून दाखवणं. ते आपल्याला इतकं झोंबलं होतं की त्यासाठी आपण नोकरी सोडली. आणि परवा वाचनालयात आपण वन्संचं नेमकं तेच केलं होतं. ताईंना एकदम रडू आलं. माप चुकलेलं असो की नसो, आपण वाईट वागलो, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळलं.

काम आवरून त्यांनी टेप खिळ्याला लटकवली, कात्री अडकवली. टेबलावर वन्संची टेप पडली होती. टेप अशी गुंडाळून पडलेली त्यांना कधीच पाहवत नसे, म्हणून ती उचलून त्यांनी त्याच खिळ्याला, आपल्या टेपशेजारी टांगली. आणि दिवा मालवायला हात गेला तो तसाच राहिला.

दोन्ही टेपा साठ इंचाच्या. वर दोन्हींच्या पट्ट्या एकाच खिळ्याला. पण खाली ताईंची टेप जवळजवळ बोटभर जास्त लोंबत होती.

आधी त्यांनी, स्वभावाला जागून, वन्संच्या टेपलाच नावं ठेवली. हल्लीचा माल, आखूडच असणार. मग कात्री काढून पाहिली. तरी तेवढाच फरक. मग दोन्ही टेपांवरचे आकडे शेजारी शेजारी धरले. वर एक दोन तीन जुळत होते, मधे घसरायला लागले, आणि खालच्या टोकाशी एकीचा एकोणसाठ दुसरीच्या साठाशी लगट करायला निघाला होता. सोक्षमोक्ष लावायला लोखंडी पट्टी हवी, आणि गावात खात्रीची लोखंडी पट्टी एकाच ठिकाणी होती. ज्याच्या दुकानाची पायरी चढणं त्यांनी सोडलं होतं, त्या कापडवाल्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं दार अर्धं वर जाताच ताई आत. कापडवाल्याला वाटलं, आता आणखी काय ऐकायचं बाकी आहे. ताईंनी दोन्ही टेपा त्याच्या मीटरच्या पट्टीवर ठेवल्या. वन्संची टेप पट्टीवर रेघेला रेघ बसली. ताईंची प्रत्येक रेघेला थोडी थोडी पुढे सरकत गेली. कापडवाल्यानं चष्मा वर करून दोन्ही टेपा निरखल्या.

"म्हणजे मी चोर नव्हतो तर," तो म्हणाला.

"नव्हतात," ताई म्हणाल्या. "माझी टेप वाढली होती."

कापडवाला मोठा माणूस. त्यानं बोलून सूड उगवला नाही, चहा मागवला. चहा पिता पिता ताईंना सगळं एकेक करून उलगडत गेलं. रोज संध्याकाळी लोखंडी कात्री अडकवून टेप त्यांनी स्वतःच ताणत नेली होती, इतकी हळू की कुणाला दिसू नये. त्याच टेपनं खिडकी मोजायची, त्याच टेपनं कापड कापायचं, त्यामुळे चूक चुकीला झाकत आली आणि पडदे नेहमी बरोबर बसले. बाहेरच्या माणसाचं खरं माप आत आलं की मग मात्र बिनसायचं. कापड अपुरं, दांडे आखूड, वन्सं चुकलेल्या. सगळं जगच आखूड झालं होतं आणि त्या एकट्या पूर्ण होत्या. दुकानातल्या बाई पुन्हा मोजायच्या ते कशासाठी, हे इतक्या वर्षांनी त्यांना कळलं. आपलं माप तपासायला कुणी नाही, हे सुख म्हणून त्यांनी मिरवलं होतं.

तिथून त्या तडक वन्संच्या खोलीवर गेल्या. ट्रंक भरून बंद झालेली होती, भिंतीवरचं घड्याळही काढून ठेवलं होतं. ताईंच्या ओठांवर सगळं येऊन थांबलं, पण एकांतात ते बोलून मोकळं होणं त्यांना सोपं वाटलं, आणि म्हणूनच बरोबर वाटेना. जे चारचौघांत केलं ते चारचौघांतच फेडायला हवं. त्या एवढंच म्हणाल्या की पडदे लावायचे आहेत, माझा हात वर जात नाही, एवढं एक काम करा आणि मग जा. वन्संनी थोडा वेळ ट्रंकेकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

वाचनालयात तीच माणसं होती, त्याच खुर्च्यांवर. वन्संनी पडदे चढवले. सगळे जमिनीच्या बोटभर वर थांबले. ग्रंथपालबाई समाधानानं म्हणाल्या, आता कसं छान झालं. ताई म्हणाल्या, जरा थांबा. त्यांनी पिशवीतून दोन्ही टेपा काढल्या, खिडकीच्या कडीला अडकवल्या आणि खाली सोडल्या.

"परवा मी इथे सगळ्यांसमोर म्हटलं की यांचं माप चुकलं," ताई म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली येऊ दिला नाही. "यांचं माप बरोबर होतं. माझी टेप वाढलेली आहे, आणि ती मीच वाढवली. वन्सं, मला माफ करा. टेपचं एक वेळ सोडून द्या. पण ती चुकलेली आहे हे कळायच्या आधीच मी तुम्हाला चुकीचं ठरवून टाकलं होतं."

कक्षात शांतता होती, म्हणजे नेहमीची होती त्याहून जास्त. वन्सं पुढे झाल्या. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही टेपांची टोकं बोटांत धरून पाहिली, मग ताईंची टेप कडीवरून काढली आणि स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळली.

"अगं, ही टाकू नकोस," त्या म्हणाल्या. "माझी कंबर इतकी बारीक मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी सांगितली नव्हती."

आधी ग्रंथपालबाई हसल्या, मग ज्यांना हसू नका असं त्याच एरवी सांगायच्या ते वाचकही. ताई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि कुठलं आधी करावं ते त्यांना कळत नव्हतं. वन्संनी त्यांच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला, पण अगदी अलगद.

मग ग्रंथपालबाई म्हणाल्या की आलाच आहात तर वरच्या मजल्यावरचीही मापं घ्या, तिथल्या पडद्यांच्या पार चिंध्या झाल्यात. सोमवारच्या गाडीचं त्यांना काही माहीत नव्हतं. ताईंनी वन्संकडे पाहिलं नाही. हे काम माझ्यासाठी करा, असं म्हणायचा हक्क आपण घालवून बसलोय, असं त्यांना वाटत होतं. त्या खडू शोधत राहिल्या. जिन्याकडे शिडी ओढत नेल्याचा आवाज आला.

वरच्या मजल्यावर ऊन भरपूर होतं. वन्संनी शिडी पहिल्या खिडकीला लावली, वर चढल्या, आपली टेप वरच्या कडेला धरली, मधे खडूची खूण करून खालपर्यंत आणली.

"पंच्याण्णव," त्यांनी सांगितलं, आणि सवयीनं टेप तशीच धरून थांबल्या.

ताईंनी पुठ्ठ्यावर पंच्याण्णव लिहिलं.

"विचारलं नाहीस," वन्सं वरून म्हणाल्या.

"पुढची सांगा, वन्सं."

वन्संनी खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसला. तो चांगला बराच वेळ पुसला. मग शिडी सरकवून दुसऱ्या खिडकीला लावली आणि पुन्हा वर चढल्या.

"हीपण पंच्याण्णव," त्या म्हणाल्या. "आणि घरी गेलीस की त्याला सांग, माझी ट्रंक परत माळ्यावर चढवून द्यायला ये म्हणावं."

ताईंनी पंच्याण्णव लिहिलं.